हरकत नसल्यास

७ एप्रिल, सोमवार

वंदना झाली. ध्यान लागले नाही. खाली शाळेची बस वेळेआधीच येऊन हॉर्न देत उभी होती.

ईदची आणि वर्षअखेरची सुट्टी संपून आज नव्या इयत्तेचा पहिला दिवस. उत्पला पाचवीत गेली. दुपारी परतली ती दप्तर दारातच टाकून थेट माझ्या खोलीत. "आजोबा, आमची छोटी रूम नाहीये. तिथे सगळे बॉक्सेस ठेवलेत, टॅब्लेटचे."

मग तू कोठे बसलीस? मागच्या बाकावर, सगळ्यांबरोबर. शीबा टीचर? त्यांना दुसरीचा वर्ग दिला.

तीन वर्षे त्या लहान खोलीनेच या मुलीला शाळेत टिकवले. अक्षरे तिच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत, मात्र कानावर पडलेले ती विसरत नाही. तेथे प्रश्न वाचून दाखवीत, उत्तरे तोंडी घेत, मातीची अक्षरे करून बोटांना ओळखू देत. अशी आणखी काही मुले होती. ओमानमधल्या या सोहार शहरात दुसरी सोय नाही.

वैशालीने (सूनबाईने) फोन तीनदा पाहिला. शाळेचा निरोप नाही.

९ एप्रिल, बुधवार

शाळेच्या अॅपवर सूचना सापडली. क्रीडादिनाची छायाचित्रे, बसचे नवे थांबे, गणवेशाचे दुकान, या सर्वांच्या खाली. शाळा बंद असताना, मार्चच्या शेवटी टाकलेली. वैशाली वाचत गेली, मी ऐकत गेलो. यंदापासून 'एकसंध अभ्यासक्रम'. प्रत्येक मुलास तेच पुस्तक, तेही पडद्यावर; तीच चाचणी, तितकाच वेळ. स्वतंत्र वर्ग बंद केला असे कोठेही म्हटलेले नाही. त्यातील मुलांना 'मुख्य प्रवाहात समाविष्ट केले' असे आहे. शेवटी: आठवडाभरात हरकत न आल्यास पालकांची संमती गृहीत धरली जाईल.

त्या आठवड्यात आनंद (मुलगा) कारखान्यातील भट्ट्यांच्या दुरुस्तीवर होता, घरी केवळ झोपण्यास येई. बंद शाळेच्या सूचना कोण वाचणार?

वैशाली म्हणाली, "बाबा, म्हणजे आपण हो म्हणालो."

तिच्या स्वरात राग नव्हता. तेच जास्त लागले.

११ एप्रिल, शुक्रवार

शेजारच्या सहम गावाहून हनीफभाई आले. मूळचे रत्नागिरीकडचे, सहममध्ये भांड्यांचे दुकान. त्यांचा इरफान उत्पलासोबत त्याच खोलीत होता. चार वर्षांनी तो परवा-परवा दुकानावरची पाटी वाचू लागला होता. "अर्धी वाचतो काका, उरलेली अंदाजानं. पन वाचतो. गिऱ्हाइकांना थांबवून दाखवतो, माझा धंदा खोळंबतो."

शाळेच्या अॅपबद्दल विचारले तर म्हणाले, ते उघडेपर्यंत अर्बाबचा (दुकानाच्या ओमानी मालकाचा) फोन येतो, आणि अर्बाबचा फोन संपेपर्यंत ते बंद पडते. हसलो सगळे. वैशालीने करक (येथला दाट, मसाल्याचा) चहा केला होता तो तसाच निवला.

१४ एप्रिल, सोमवार. जयंती.

येथे कामाचा दिवस. कार्यक्रम शुक्रवारी. सकाळी घरीच दीप लावला, त्रिसरण-पंचशील घेतले. उत्पलाने करुणेची गाथा म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता. बुद्धवचन शतकानुशतके लिहिलेच गेले नव्हते. भिक्खूंनी ते कंठात वाहिले, एक विसरला तर दुसऱ्याने सावरले. मी पस्तीस वर्षे पाली शिकवली ती छापील पुस्तकावरून. ही मुलगी त्या जुन्या भिक्खूंच्या अधिक जवळ आहे.

रात्री जेवताना वैशालीने सांगून टाकले: तो वर्ग परत न आल्यास जूनमध्ये ती उत्पलाला घेऊन नागपूरला जाईल. तिच्या बहिणीच्या घराजवळ अशा मुलांची शाळा आहे. आनंदने घर सोडावे, कंपनीच्या निवासात एक खाट मिळते.

आनंद म्हणाला, "आणि बाबा?"

वैशाली ताटे उचलू लागली. मी माझे पुढे केले. ही (माझी पत्नी) वारल्यावर आनंदने मला येथे आणले ते चौघे एका छपराखाली राहू म्हणून. पाच वर्षे राहिलो.

१८ एप्रिल, शुक्रवार

जयंतीचा कार्यक्रम रामटेकेंच्या व्हिलात. वंदनेनंतर त्या वर्गाच्या पालकांना तेथेच बोलावले होते. आपली माणसे, एक मलयाळी दांपत्य, एक तमिळ बाई, हनीफभाई. माझ्या नागपुरी हिंदीवर मुले मागे हसत होती.

शाळेला अर्ज द्यावा यावर सर्वांचे एकमत. सही करण्यावर मात्र कोणाचेच नाही. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आनंदच्याच कारखान्यात वरच्या पदावर आहेत. अर्ध्या पालकांचे वरिष्ठ तेच. अन्य पालकांना परदेशात सह्या गोळा करणेच धोक्याचे वाटते. गजभिये (त्यांचा मुलगाही त्याच वर्गात होता) म्हणाले, "सर, माझा करार सप्टेंबरात संपतो." एवढेच. ते पुरेसे होते.

तेव्हा मला संघाची रीत आठवली. संघात प्रस्ताव तीनदा उच्चारतात. ज्यास मान्य तो मौन राहतो, ज्यास अमान्य तो बोलतो. सही नको, कागद नको. सर्वांना समजावले. मग उभा राहून तीनदा म्हणालो, की लहान वर्ग पुन्हा सुरू करावा अशी या पालकांची मागणी आहे, आणि ती मी मुख्याध्यापिकांना त्यांच्या वतीने सांगणार आहे. ज्यास अमान्य त्याने बोलावे.

तिन्ही वेळा कोणी बोलले नाही.

हनीफभाई तेवढे हळूच म्हणाले, "काका, आमच्यात निकाहला तोंडानं कबूल बोलाय लागतं. तुमच्यात गप ऱ्हायलं तरी लगीन लागतं?" मोठा हशा झाला. मीही हसलो. फार दिवसांनी सभेला माझा काही उपयोग झाल्यासारखे वाटले. परतताना आनंदने गाडीत एक शब्द काढला नाही. थकला असेल.

२२ एप्रिल, मंगळवार

मुख्याध्यापिकांची भेट. मी, वैशाली, हनीफभाई. बाई सौम्य, सुशिक्षित. मी शिक्षक होतो हे कळताच उभ्या राहिल्या. खजूर दिले. सर्व ऐकून घेतले. वेगळी खोली म्हणजे मुलांना वेगळे काढणे, आता तसे करीत नाहीत, असे म्हणाल्या. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वेगळे काढले जाणे म्हणजे काय हे आमच्या पिढीला कोणी शिकवावयास नको. पण ज्यास पायरी चढवत नाही त्यास सर्वांबरोबर त्याच पायरीशी उभे करणे, ही समता नव्हे. एवढे मी बोललो.

मग त्यांनी सूचनेचा विषय काढला. एकही हरकत आली नव्हती, त्यामुळे समितीने संमती धरली.

मी म्हणालो, बाई, मौन म्हणजे संमती नव्हे. मौन भयाचेही असते, अज्ञानाचेही असते. विचारल्यावाचून ते कळत नाही. बऱ्यापैकी बोललो. वैशाली माझ्याकडे अभिमानाने पाहत होती.

बाईंनी विचारले, आपण किती पालकांच्या वतीने बोलत आहात? मी सर्व कुटुंबांची नावे सांगितली, एकेक करून. त्यांनी टिपून घेतली. मग अगदी साधेपणाने विचारले, "आणि या सर्वांनी तुम्हाला तसे सांगितले आहे, सर?"

पुढचे लिहवत नाही.

हनीफभाईंनी सावरून घेण्यासाठी खजुराची स्तुती केली.

२५ एप्रिल, शुक्रवार

वंदनेस फक्त रामटेके. गजभिये नाहीत, त्यांच्या घरचे कोणी नाही. मलयाळी दांपत्याने वैशालीचा क्रमांक ब्लॉक करून टाकला आहे.

शाळेने प्रत्येक घरी फोन केला. सभ्यपणेच केला असावा. आपली हरकत असल्याचे आम्हाला कळले आहे, ती आहे का? आम्ही व हनीफभाई सोडून सर्वांनी 'नाही' म्हटले. आता ते नोंदलेले आहे. पूर्वी मौन तरी होते, आता नकार आहे. तो मी मिळवून दिला.

सायंकाळी गजभियेंचा फोन. आवाज खाली ठेवून बोलत होते.

"सर, माझं नाव कोणी सांगितलं?"

"मी."

"मी हो म्हणालो होतो का, सर?"

नंतर बराच वेळ ते फोन धरून होते, मीही. मग त्यांच्याकडे कोणी मूल रडू लागले.

२९ एप्रिल, मंगळवार

पडद्यावरची पहिली चाचणी. उत्पला आनंदात घरी. इंग्रजीत सांगितले, आपण सर्वांत आधी संपवली. कशी? प्रत्येक प्रश्नाला खालून दुसरे उत्तर दाबले. "ते येल्लो होतं, आजोबा."

वैशाली न्हाणीघरात जाऊन नळ सोडून राहिली.

५ मे, सोमवार

आनंद आज बोलला. त्याच्या विभागप्रमुखांनी कँटीनमध्ये खांद्यावर हात ठेवून विचारले होते: घर में सब ठीक है ना? बस, इतकेच. ते भल्या मनाने विचारले असेल किंवा नसेल. हेच त्याला आता कळेनासे झाले आहे, आणि म्हणून तो रात्री झोपत नाही.

"बाबा, तुम्ही विद्वान आहात. संघात सगळे भिक्खू असतात. त्यांना बायको नसते, व्हिसा नसतो. घर सोडून आलेली माणसं ती. त्यांचं गप्प राहणं वेगळं. त्या दिवशी गाडीत मी गप्प होतो ते काय तुमच्याशी सहमत होतो म्हणून?"

मी म्हणालो, तू तेव्हाच का बोलला नाहीस?

तो म्हणाला, "तुमच्यासमोर?"

त्याचे वय त्रेचाळीस आहे.

९ मे, शुक्रवार

पावसाळा संपताना भिक्खू परस्परांना सांगतात: माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, वा तशी शंका आली असेल, तर दया करून बोला. तो काळ नसताही मी तेच करावयाचे ठरवले. हनीफभाईंनी पिकअप काढली. "काका, एक सांगतो, कोनाच्या घरी खायाला बसू नका. बसलात की लोकांना परत भीड पडते." हा माणूस संघाचे नियम न वाचताच जाणतो.

तमिळ बाई दारातच नको म्हणाल्या, हात जोडून. रामटेकेंचे मूल त्या वर्गात नाही, पण रामटेके सोबत आले. मलयाळी घरी कुलूप. कदाचित आत होते.

गजभिये कामावर गेलेले. दार सौ. सुनंदाने अर्धे उघडले. मी क्षमा मागितली. तुमचे नाव मी तुम्हाला न विचारता घेतले, ते माझे चुकले, त्याबद्दल जे वाटते ते बोला, असे म्हणालो. ती बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करीत राहिली. आतून तिचा मुलगा काही मोजत असल्याचा आवाज येत होता, एकच अंक पुन्हा पुन्हा.

"सर, आमचं नाव नका टाकू कुठे. आमच्या ह्यांना मी इथं बोलले हेही नका सांगू." मग मान वर करून: "पण मला हरकत आहे. शाळेच्या त्या गोष्टीला मला हरकत आहे. तुम्हाला सांगून ठेवते."

दार लावून घेतले.

उतरताना हनीफभाई म्हणाले, "झालं. एक तरी कबूल मिळालं."

१२ मे, सोमवार. वैशाख पौर्णिमा.

उष्मा असह्य. पहाटेच चौथऱ्यावर पाणी मारले तरी पाय ठेववेना. खीर केली. ही असती तर म्हणाली असती, दूध जरा अधिक आटवायला हवे होते.

उत्पलाला गाथा म्हणावयास सांगितले. ती उभी राहिली, हात जोडले, आणि म्हणेना.

विसरलीस? मान हलवली, नाही.

मग?

"पाठ करून बोललं तर ते चीटिंग असतं, आजोबा. मी टीचरला सगळा लेसन बोलून दाखवला. ती बोलली, रीड कर, बाय हार्ट नको. तू चीट करते." जरा थांबून: "मला वाचता येत नाही तर मी बोलायचं नाही."

मी तिला काय काय सांगितले. कंठस्थ करणाऱ्यांचा केवढा मान असे, त्यांना काय म्हणत, कसे ते सहस्र गाथा जपत. तिने सगळे शांतपणे ऐकले. मग पुस्तक आणून माझ्यापुढे उघडे धरले आणि बोट ठेवले. "हे काय लिहिलंय ते तुम्ही वाचा. मी ऐकते."

मीच वाचली. ती उभी राहून ऐकत होती, ओठ घट्ट मिटून. ओठांच्या आत तिची जीभ हलत असावी. मी तसे मानून घेतले.

ध्यान लागले नाही.

२० मे, मंगळवार

शाळेची नवी सूचना, या वेळी वैशालीने तत्काळ पाहिली. २९ तारखेस पालकसभा. विषय: टॅब्लेटची निगा व घरचा वापर. 'इतर सूचनांचे स्वागत.'

वैशालीने तिकिटे काढली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मस्कतहून नागपूरसाठी. तिचे आणि उत्पलाचे. माझे तिने काढलेले नाही, विचारलेही नाही. परतीचे कोणाचेच नाही. आनंदने ते पाहिले नि एवढेच म्हणाला की परतीचे नंतर महाग पडेल.

येथे राहावे तर नात तेथे. तेथे जावे तर मुलगा या घरातून एका खाटेवर. तृष्णेबद्दल किती वर्षे किती वर्ग घेतले. आसक्तीचे भेद फळ्यावर लिहून दाखवले, मुलांनी उतरून घेतले. परीक्षेत बरोबर लिहिलेही.

२९ मे, गुरुवार

पालकसभा. आनंद रजा घेऊन आला. मी येऊ का, असे त्यालाच विचारले. तो म्हणाला, या. पण बसून राहा.

टॅब्लेटवर पाणी सांडल्यास काय करावे, यावर पुष्कळ चर्चा झाली. एका गृहस्थांनी तांदळात ठेवावे असे सुचवले. अध्यक्ष हसले, सगळे हसले. मग मुख्याध्यापिकांनी विचारले, कोणास काही म्हणावयाचे आहे का?

मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. बोलावयाचे शंभर शब्द तोंडात होते. बोललो नाही.

हनीफभाई उभे राहिले. हिंदीत म्हणाले, मॅडम, मेरा लड़का पढ़ना सीख रहा था, अब नहीं सीख रहा. मुझे हरकत है. आणि खाली बसले.

आनंद उभा राहिला. अध्यक्ष समोर होते. त्याचा आवाज मला परका वाटला. त्याने इंग्रजीत स्वतःचे नाव सांगितले, मुलीचे नाव सांगितले, नंतर तेच एक वाक्य. वैशालीने त्याच्या मनगटाला धरले होते. तो बसल्यावरही सोडले नाही.

त्यानंतर सगळ्या सभागृहात केवळ वातानुकूलन यंत्राचा आवाज. गजभिये मान खाली घालून बसलेले. शेजारी सौ. सुनंदाने पदर सावरला, खुर्चीच्या काठाशी सरकली. ती उठणार असे मला वाटले. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिले, आभार मानले, दोन पालकांच्या सूचना समितीपुढे ठेवू असे म्हणाल्या.

दोन.

बाहेर ऊन. गजभिये आमच्या गाडीसमोरून गेले. थांबले नाहीत. सौ. सुनंदाने मागे वळून पाहिले का, ते मला दिसले नाही. डोळ्यांत पाणी होते.

१ जून, रविवार

समितीचे उत्तर नाही. वैशालीने अॅप सकाळपासून कितीदा उघडले. आनंदला कारखान्यात कोणी काही म्हणालेले नाही. कोणीच काही म्हणत नाही, असे तो म्हणतो. कँटीनच्या मेजावर त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी असते.

वंदना झाली. बॅगा दिवाणखान्यात उघड्या. वैशाली उत्पलाचे हिवाळी कपडे भरते आहे. मी म्हणालो, हिवाळ्यापर्यंत परत याल. तिने स्वेटर काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा भरला.

माझे तिकीट काढावे की नाही, हे आनंदने आज विचारले. उद्या सांगतो म्हणालो.

दुपारी उत्पला माझ्या खोलीत आली. खिडकीशी उभी राहिली. खाली कोणी तरी गाडी धूत होते ते बघत होती. पाठमोरीच विचारले, "आजोबा, नागपूरला बाबा पण येणार ना?"

मी तिच्या वेणीकडे पाहत राहिलो. काही बोललो नाही.

ती वळली, माझा चेहरा पाहिला, हसली. उड्या मारीत आनंदच्या कपाटाशी गेली. त्याचा निळा सदरा काढला, जमेल तशी घडी घातली आणि आपल्या बॅगेत फ्रॉकच्या वर ठेवला. वरून हाताने दाबून बसवला.

वैशाली स्वयंपाकघरात आहे, तिने पाहिलेले नाही. आनंद संध्याकाळी येईल. सदरा तेथेच आहे. मी हात लावलेला नाही.